आत्यानं बुजवलेली रेघ

आत्या आणि चित्रकार बाई यांची पहिली भेट बसथांब्यावर झाली. त्या भेटीचं जे वर्णन आज गल्लीत ऐकायला मिळतं त्यावर विश्वास ठेवायचा, तर त्या दिवशी अख्ख्या शहराची वाहतूक ठप्प झाली, दोन बसचालक हमरीतुमरीवर आले, एका पोलिसानं शिट्टी गिळली आणि समोरच्या न्हाव्यानं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून रस्त्यावर धाव घेतली. त्या गिऱ्हाइकानं उरलेली अर्धी दाढी पुढं कायमची वाढवली, असं सांगणारेही आहेत.

प्रत्यक्षात झालं ते एवढंच. रांगेत पुढं उभ्या असलेल्या अनोळखी तरुण बाईच्या कुडत्याची पाठ आत्यानं चिमटीत धरली, पिशवीतून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि म्हणाली, "हलू नकोस."

ती बाई अर्थातच हलली.

"हलू नकोस म्हटलं ना. आडवी तार तुटलीय. आत्ता एवढीशी आहे, संध्याकाळपर्यंत बोट जाईल आणि उद्या हात."

"अहो, पण तुम्ही कोण?"

"मी कोण ते मग. आधी पाठ."

सुईत दोरा ओवलेला होताच, कारण आत्याच्या पिशवीत रिकामी सुई कधी नसे. टाके सुरू झाले आणि नेमकी तेवढ्यात बस आली. बाई बसमध्ये चढली. दोरा पाठीत अडकलेला असल्यानं तिच्यामागून आत्याही चढली. आत्याला जायचं होतं दवाखान्यात आणि बस जात होती बरोबर उलट्या दिशेला. पण हातातलं रफू अर्धवट टाकून उतरणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. शेवटचा थांबा येईपर्यंत पाठ पूर्ववत झाली होती आणि त्या बाईला बंद पडलेल्या कापड गिरणीचा सगळा इतिहास, जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, दोन्ही बायकांच्या स्वभावासकट, कळून चुकला होता.

योगायोग असा, की ती बाई त्याच कामाला शहरात आली होती. जुन्या गिरणी कामगारांच्या आठवणी कुठंतरी टिकून राहाव्यात म्हणून त्यांच्याच हातून काहीतरी मोठं चित्र घडवून घ्यायचं, असं तिच्या मनात होतं. काय चित्र, कशावर आणि कसं, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. आत्यानं तिला गल्लीत आणलं, सगळ्या म्हाताऱ्यांसमोर उभं केलं आणि सांगितलं, "ही पोरगी चांगली आहे. कुडतं वाईट होतं, ते मी दुरुस्त केलंय."

आत्याबद्दल थोडं सांगायला हवं. ती कुणाचीही सख्खी आत्या नव्हती, कारण तिच्या एकुलत्या एक दादाला मूल नव्हतं. तरी ती सगळ्या गल्लीची आत्या होती. गिरणीच्या तपासणी खात्यात तिचं आयुष्य गेलं. खालून दिवा लावलेली एक उतरती काच, तिच्यावरून सरकत जाणारं कापड आणि समोर बसलेली आत्या. कापडात कुठं तार तुटलेली दिसली, कुठं गाठ, कुठं पातळ पट्टा दिसला, की कापड थांबवायचं आणि सुईनं तो दोष असा बुजवायचा की मालकाला, व्यापाऱ्याला, शिंप्याला, नेसणारीला, कुणालाही पत्ता लागता कामा नये. चांगल्या रफूची त्या खात्यात एकच कसोटी होती: करणारीला स्वतःला दुसऱ्या दिवशी ते सापडता कामा नये. आत्या या कसोटीला अशी उतरत असे, की खात्यातल्या बाकीच्या बाया तिच्यावर जळायच्या आणि घरचे फाटके कपडे मात्र गुपचूप तिच्याकडंच आणून द्यायच्या.

मग गिरणी बंद पडली. यंत्रं थांबली, भोंगा थांबला, आत्याचे हात काही थांबले नाहीत. दिवसभर त्यांना काहीतरी लागे. शेजारणीशी बोलता बोलता ती तिच्या पदराची किनार चाचपायची. मयताला गेली तर पांढऱ्या चादरीचा पोत बघायची आणि निघताना हळूच म्हणायची, "बिचाऱ्याला शेवटी तरी नीट कापड द्यायचं." घरात पडदे रफू करून संपले, मग चादरी संपल्या, मग पायपुसणी. पायपुसण्याला रफू करणारी दुसरी बाई पृथ्वीवर असेल असं वाटत नाही. बसली तर उठायची, उठली तर खिडकीशी जायची, खिडकीशी गेली तर खिडकीचं दार चुकीच्या बाजूला उघडतं असं तिला वाटायचं. लग्न का नाही केलंस, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "जो येई त्याच्या सदऱ्यात मला खोट दिसायची. माणसापर्यंत नजर पोचलीच नाही."

दादा तिच्याहून मोठा, गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर विणणारा. उभं आयुष्य शेकडो साच्यांच्या खडखडाटात गेल्यामुळं कानानं अर्धा आणि बोलण्यानं पाव. त्या आवाजात तोंडानं बोलून उपयोग नसे म्हणून तिथं सगळे हातवाऱ्यांनी बोलत. दादानं घरीही तीच पद्धत चालू ठेवली होती. भूक लागली तर पोटावर दोन बोटं, झोप आली तर कानाशी पंजा. आत्या त्याच्याच शेजारच्या खोलीत राहायची आणि मधली भिंत पातळ असल्यामुळं दोघांचं भांडण दार न उघडता होऊ शकायचं. आत्या ओरडायची, दादा भिंतीवर टकटक करायचा.

आणि वहिनी. वहिनी गिरणीत असताना बॉबिनांची, म्हणजे सुताच्या रिळांची, गाडी ढकलत साच्यांच्या रांगांमधून फिरायची. आता ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची आणि तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग वार, मग रस्ते. सध्या ती दादाला 'अहो पाहुणे' म्हणायची आणि चहा झाला की विचारायची, "तुमचं घर कुठं आलं?" दादा बोटानं जमीन दाखवायचा. इथंच. वहिनी आदबीनं मान हलवायची, जशी माणसं न पटलेल्या गोष्टीला हलवतात.

तर चित्रकार बाईनं जुन्या कॅन्टीनच्या हॉलमध्ये एक साचा आणवला. भंगारवाल्याकडून सोडवून आणला, तेलपाणी केलं आणि म्हाताऱ्यांना म्हणाली, "तुम्हाला जे आठवतं ते विणा. प्रत्येकानं हातभर. सगळं मिळून एकच लांब कापड होईल आणि ते या भिंतीवर लागेल."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. बहुतेकांना नक्षी येत नव्हती; आयुष्यभर त्यांनी विणलं होतं साधं पांढरं कापड, ज्यात आठवणीला बसायला जागाच नाही.

तेव्हा डुलक्या बोलला. डुलक्या म्हणजे साच्यासमोर उभ्या उभ्या झोपण्यात प्रावीण्य मिळवलेला कारागीर. तो म्हणाला, "बाई, चांगलं कापड कुणी विणलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पण खोट असली की लगेच कळतं. साहेब तागा उलगडायचा आणि थेट माझ्या नावानं ओरडायचा. आमची ओळख म्हणजे आमच्या खोटी."

"मग त्याच विणा," बाई म्हणाली, आणि काम ठरलं.

पुढचे काही आठवडे हॉलमध्ये नुसती धमाल होती. ज्या चुकांसाठी माणसांनी आयुष्यभर बोलणी खाल्ली, त्याच आता ती मन लावून, शिस्तीत, एकमेकांना दाखवत करू लागली. डुलक्यानं आपली झोप विणली: आडवे धागे विरळ होत होत पार नाहीसे होतात आणि मग एकदम घाईघाईनं घट्ट, म्हणजे जॉबर आला. एकानं काठ वाकडा विणला, कारण त्या आठवड्यात त्याला मुलगी झाली होती आणि तो शुद्धीवर नव्हता. एकानं तेलाचा हात उमटवला आणि त्याच्या पाठोपाठ उरलेल्या सगळ्यांना तोच हात उमटवायचा होता. त्यावरून दोन दिवस अबोला झाला. प्रत्येक जण आपली गोष्ट बाईला सांगायचा आणि बाई त्या खोटीच्या शेजारी, काठावर, लाल दोऱ्याचा एक टाका घालायची. लाल टाका म्हणजे इथं गोष्ट आहे, हात लावू नका.

आत्याला हा सगळा प्रकार सहन होत नसे. ती हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायची. "गिरणी होती तेव्हा हे असं केलं असतं तर तुम्हाला उलटं टांगलं असतं."

"तेव्हा केलंच होतं की," डुलक्या म्हणायचा. "टांगलं कुठं?"

"कारण मी बुजवलं ना, मेल्या."

दादानं सगळ्यांत शेवटी विणलं. त्याचा हातभर तुकडा बघून सगळे थक्क झाले. काठ सुतासारखा सरळ, पोत एकसारखा, कुठं डाग नाही, गाठ नाही. बाईनं विचारलं, "काका, तुमची आठवण कुठली?" दादानं हात हवेत फिरवला. म्हणजे काही नाही. बाईनं लाल टाका घातला नाही.

आता, आत्याला तेव्हा माहीत नव्हतं ते आपण जाणून घ्यायला हरकत नाही. दादाच्या तुकड्यात एक खोट होती. मधोमध, या काठापासून त्या काठापर्यंत, एक पातळ रेघ. डोळ्यांना जेमतेम दिसेल, बोटाला मात्र लागेल अशी. साचा चालता चालता थांबवला आणि पुन्हा सुरू केला की कापडात अशी रेघ उरते. तरुणपणी दादाचा साचा दिवसातून अनेकदा अडायचा, आणि नेमका अडायचा तो बॉबिनांची गाडी त्याच्या रांगेत शिरली की. मग तो कपाळाला हात लावून, साच्याकडं बघून, मोठं संकट कोसळल्यासारखा उभा राहायचा. गाडी ढकलणाऱ्या मुलीला हा माणूस सगळ्या खात्यात अत्यंत कमनशिबी वाटायचा. आधी तिला दया आली, मग संशय आला, आणि मग लग्न झालं. खोट बुजवायची राहून गेलेलं कापड कामगारांना स्वस्तात मिळे. त्यांच्या खोलीचा पहिला पडदा दादाच्याच साच्यावरचा होता. त्यातल्या पातळ रेघेवर बोट फिरवून वहिनी म्हणायची, "ही मी." पुढच्या पडद्यावर दोन रेघा होत्या. "ही मी, आणि ही पण मीच." दोघांमधली ही गंमत त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. ते पडदे केव्हाच चिंध्या होऊन संपले.

डॉक्टर म्हणाले होते, ओळखीच्या वस्तू हातात देत जा. दादानं बरंच काही देऊन पाहिलं, वहिनी आभार मानून परत करायची. म्हणून त्यानं रेघ विणली. कापड भिंतीवर लागेल त्या दिवशी वहिनीला आणायचं, तिचं बोट त्या रेघेवरून फिरवायचं आणि बघायचं. एवढंच त्याच्या मनात होतं. आणि तो काही बोलला नाही, कारण तो कधीच काही बोलत नसे.

समारंभाच्या आदल्या सकाळी चित्रकार बाई आत्याला म्हणाली, "आत्या, कापडाच्या दोन्ही टोकांच्या दशा तेवढ्या बांधून टाकाल? तुमच्याइतकं नीट कुणाला जमणार नाही."

ही चूक बाईची नव्हे. आत्याच्या हातात सुई आणि समोर कापड देऊन दशा बांधायला सांगणं म्हणजे मांजराला माशांवर पहारा करायला सांगणं, हे तिला कुठून ठाऊक असणार. आत्यानं दशा बांधल्या. मग सवयीनं कापड खिडकीच्या उजेडात धरून एकदा सरकवून पाहिलं. डुलक्याच्या झोपेजवळ लाल टाका होता. तिनं दात ओठ खाल्ले आणि पुढं गेली. वाकडा काठ, लाल टाका. तेलकट हात, लाल टाका. तिची बोटं शिवशिवत होती, पण लाल टाक्याला हात न लावण्याचा बाईला दिलेला शब्द ती पाळत होती. मग दादाचा तुकडा आला, आणि त्यात मधोमध ती पातळ रेघ. टाका नाही.

दादाचा हात अडखळला होता. सगळ्या खात्यात ज्याच्या हाताचा लौकिक, त्याला आता एवढं हातभर कापडसुद्धा जमत नाही, आणि उद्या ते भिंतीवर लागणार, डुलक्या बोट दाखवून हसणार. तिनं इकडंतिकडं पाहिलं. हॉलमध्ये कुणी नव्हतं. तिनं त्याच कापडाच्या दशांतून उरलेला सुटा धागा घेतला, सुईत ओवला आणि इतक्या वर्षांत केलं नसेल असं रफू केलं. उठली तेव्हा तिला बऱ्याच दिवसांनी शांत वाटलं. ती शांतता दुपारपर्यंत टिकली.

दुपारी ती हॉलमध्ये परत आली तर दादा एकटाच कापडासमोर उभा. बोट कापडावर, डोळे मिटलेले. या काठाकडून त्या काठाकडं. परत. थोडं वर. परत.

"काय शोधतोस रे?"

दादानं दोन बोटं एकमेकांवर आडवी ठेवून फाकवली. रेघ.

"ती होय," आत्या खुशीत म्हणाली. "बुजवली मी. तू कशाला काळजी करतोस? आता तुझ्या बापालाही सापडायची नाही. माझ्याही म्हणा बापाला."

दादा खाली बसला. आधी आत्याला वाटलं, आनंदानं. मग त्यानं हातवारे सुरू केले: गाडी, साचा, कपाळावरचा हात, पडदा, वहिनीचं बोट. आत्याला सगळ्याचा अर्थ लागत गेला आणि तिला वाटलं, न लागता तर बरं झालं असतं.

"तेव्हाच्या त्या रेघा," ती म्हणाली, "मी बुजवायचे. रोज. कोण हा मठ्ठ साचेवाला म्हणून शिव्या देत देत."

दादानं मान हलवली. माहीत होतं.

"मग बोलला का नाहीस?"

दादानं कापड तिच्याकडं सरकवलं.

मग जे सुरू झालं त्याला शोध म्हणावं की वेड, हे ठरवणं अवघड आहे. आत्यानं भिंग लावलं. उजेडाकडं धरलं, उजेडाकडं पाठ करून धरलं, कापड उलटं केलं, ओलं बोट फिरवलं, गालावर घासलं. सापडेना. तिनं चित्रकार बाईला बोलावलं. बाईनं काढलेल्या फोटोत त्या जागी दादाचा अंगठा आला होता. डुलक्याला बोलावलं, त्यानं डोळे मिटून कापडावर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलला नाही, तेव्हा सगळ्यांना आशा वाटली, पण तो झोपला होता.

"नवी रेघ करा ना," बाई म्हणाली. "तिथंच, मधोमध. दोन-तीन धागे ओढायचे फक्त."

सोपं होतं. आत्यानं सुईचं टोक धाग्याखाली घातलं. हात तसाच राहिला. पुन्हा घातलं. पुन्हा राहिला. त्या हातानं आयुष्यात धड कापडातून धागा काढलेला नव्हता. बोटांना ते काम ठाऊकच नव्हतं, जसं माशाला जिना ठाऊक नसतो.

"दादा, तू ओढ."

दादानं नकार दिला. मग, कधी नव्हे ते, तोंडानं बोलला. "मी साचा थांबवायचो. धागे उपटायचो नाही. तिला कळेल."

"तिला तू कळत नाहीस, रेघ काय कळणार?" आत्या म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला स्वतःचं तोंड रफू करावंसं वाटलं. दादा निघून गेला. त्या रात्री भिंतीवर टकटक झाली नाही. आत्या या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

समारंभाला हॉल भरला होता. कापड भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लागलं होतं आणि माणसं आपापल्या चुकांखाली उभी राहून फोटो काढून घेत होती. दादा वहिनीला हाताला धरून घेऊन आला. आत्यानं तिच्यासाठी खुर्ची ओढली, मग ती नीट वाटेना म्हणून दुसरी ओढली, मग पहिली परत आणली. दादानं वहिनीला उभंच ठेवलं आणि तिचं बोट आपल्या तुकड्यावर टेकवलं.

वहिनीचं बोट कापडावरून फिरलं. एकसारखं, अखंड, निर्दोष कापड. ती म्हणाली, "छान आहे. कुठंच काही नाही यात."

आत्यानं खाली मान घातली.

आणि दादा बोलायला लागला. अर्धा बहिरा माणूस. आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला कळत नसे. सगळा हॉल वळून बघू लागला. "इथं एक रेघ होती," तो ओरडून सांगू लागला. "एक मुलगी गाडी घेऊन यायची. निळं पातळ नेसायची. ती आली की मी साचा बंद करायचो. बिघडायचा नाही तो. मी बंद करायचो. बंद केला की कापडात रेघ पडायची. जॉबर ओरडायचा. मी दुसऱ्या दिवशी परत बंद करायचो. ती म्हणायची, तुमचा साचा बदलून घ्या. मी म्हणायचो, बघतो." एवढी वाक्यं त्यानं गेल्या वर्षभरात मिळून बोलली नसतील. पाठीमागं कुणीतरी नाक शिंकरलं. डुलक्या पूर्ण जागा होता.

वहिनी लक्ष देऊन ऐकत होती. दादा थांबला तेव्हा तिनं विचारलं, "आणि त्या मुलीला कळलंच नाही?"

"मग कळलं."

"उशिराच कळलं म्हणायचं." ती हसली. "तो माणूस मात्र पक्का बावळट दिसतो. एवढं करण्यापेक्षा सरळ बोलायचं."

"हो," दादा म्हणाला.

"कोण होता तो?"

"मी."

वहिनीनं त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं. आत्याचा हात आपोआप पिशवीतल्या सुईकडं गेला आणि तिथंच थांबला.

"असं होय," वहिनी म्हणाली. "मग तुमच्या बायकोला आज आणायचं होतंत, पाहुणे."

थोड्या वेळानं तिनं चहा कधी मिळणार असं विचारलं, आणि आत्या चहा आणायला गेली.

वहिनी त्याच वर्षी थंडीत गेली. कापड हॉलमध्ये आहे. शेवटच्या टोकाला ओल लागते म्हणून ते तिथं दुमडून ठेवलेलं असतं, आणि दादाचा तुकडा त्या दुमडीत जातो.